शाळेच्या खिडकीतून दिसणारी घळ

मेदेर : पुरे हं कुबात. सकाळी एकदा मामा बनवलंस ना? आता नाही बनायचा मी.

कुबात : सकाळची थट्टा होती. ही नाही. या घळीत उतरू नकोस आज.

मेदेर : सकाळी पण चेहरा असाच होता तुझा. ‘पळ मेदेर, बर्फ सुटला!’ आणि मी गाढव, जाऊन झाडाला मिठी मारली. स्की एकीकडे, टोपी एकीकडे.

बुरुल : टोपी मी आणून दिली, दादा.

मेदेर : आणि वर हसलीसही. सख्खी बहीण!

कुबात : मेदेर, ऐक जरा. आत्ता त्या काळ्या खडकापासून इकडे येताना पायाखाली धप्प झालं. पार पोटापर्यंत जाणवलं. अख्खा थर बसला खाली.

मेदेर : तुझं पोट कालपासून वाजतंय. आईनं माझ्या निरोपाचं मटण शिजवलं आणि चापलं कोणी? तू.

कुबात : तीन दिवस वारा होता. खिंडीतला सगळा बर्फ उचलून या घळीत आणून टाकलाय त्यानं. वर फळीसारखा टणक, आणि खाली साखरेसारखा सुटा, भुसभुशीत. काठी खुपसून बघ की.

मेदेर : बघितली. खाली साखर दर हिवाळ्यात असते. तू मला शिकवतोस? स्कीला आलेल्या पाहुण्यांना या डोंगरात घेऊन जायला आधी कोण लागला, तू की मी?

कुबात : तू.

मेदेर : मग?

कुबात : मग आज पाहुणे असते, तर त्यांना घेऊन उतरला असतास इथून?

मेदेर : आज पाहुणे नाहीत. आज आपण आहोत. पाचवीपासून ही घळ बघतोय मी. गणिताच्या बाई फळ्यावर लिहायच्या आणि मी खिडकीतून मनातल्या मनात इथं वळणं घ्यायचो. एक त्या सुळक्याच्या डावीकडून, दुसरं अरुंद जागेत... छड्या कोणामुळे खाल्ल्या मी? या घळीमुळे.

कुबात : पुढच्या वर्षी उतरू. मी येतो बरोबर. शब्द देतो.

मेदेर : पुढच्या वर्षी मी मॉस्कोत विटा चढवत असेन! परवा विमान आहे, कळतंय का? आपला जानिश तिथून सहा वर्षांनी परत आला, त्याला आता जिना उतरवत नाही. माझे गुडघे आज आहेत. आज.

कुबात : कळतंय रे.

मेदेर : काही कळत नाही तुला. खरं सांगू का? मी जातोय हे तुला सहन होत नाहीये. म्हणून आवाज बिवाज.

कुबात : नाहीच होत सहन. तू गेल्यावर या गावात मी बोलू कोणाशी? मेंढरांशी? पण म्हणून आवाज खोटा नाही.

मेदेर : माझ्या लग्नात भर मांडवात ओरडलास, ‘नवरी पळाली!’ आई चक्कर येऊन पडली. तेव्हाही असंच म्हणालास, खोटं नाही म्हणून.

कुबात : तेव्हा तूही हसलास.

मेदेर : हसणार नाही तर काय करणार? एकाच वर्षी जन्मलो आपण. आपल्याकडे बरोबरीच्याच्या थट्टेचा राग धरायचा नसतो. म्हणून आताही हसतोय. चल, हो बाजूला. तुझ्या स्की माझ्या पुढ्यातनं काढ.

कुबात : बुरुल, पिशवीतलं नान दे.

मेदेर : घ्या! आता याला भूक लागली.

(कुबात हातमोजे काढून नान दोन्ही हातांनी कपाळाला लावतो.)

कुबात : खोटं बोलत असेन, तर हे नान मला मारो. माझ्या पोरींच्या तोंडात घास न पडो.

मेदेर : ए! ए, वेडा झालास का? पोरींना कशाला मध्ये आणतोस? ठेव ते खाली... नाही, खाली नको. पिशवीत ठेव. अन्नाची शपथ घेऊन मस्करी करतोस?

कुबात : अशी शपथ घेऊन मस्करी कधी केली मी? जन्मात एकदा तरी? सांग.

मेदेर : दे इकडे ते नान आधी.

कुबात : सांग ना.

मेदेर : नाही केलीस.

कुबात : मग?

मेदेर : बरं, झाला आवाज. झाला असेल. म्हणून बर्फ सुटेलच असं कुठाय?

कुबात : नाहीच. तू कदाचित नाचत नाचत खाली जाशील आणि मी इथं वर गाढव ठरेन. मला माहीत नाही, मेदेर. मला फक्त भीती वाटतेय.

मेदेर : भीती? तुला?

बुरुल : दादा... मीही ऐकला तो.

मेदेर : काय?

बुरुल : आवाज. माझ्या पायाखालीही बसला बर्फ.

मेदेर : मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का गं?

बुरुल : तुम्ही दोघं हसत होतात. म्हटलं, मोठे हसतायत, म्हणजे काही नसेल.

कुबात : मी कुठं हसलो?

बुरुल : हसलात, कुबातदादा. आवाज झाला आणि आधी तुम्हीच हसलात.

कुबात : ...घाबरलो की हसतो मी. लहानपणापासून. याला ठाऊक आहे.

मेदेर : मला नाही ठाऊक.

कुबात : आता झालं.

बुरुल : दादा, संध्याकाळी सगळं गाव येणार आहे घरी. आई दारात उभी असेल. मी तिला काय सांगू? तूच सांग, काय सांगू मी?

मेदेर : रडू नकोस. बुरुल... अगं, आसवं गोठतील गालावर. बास ना आता. स्कीच्या तळाला चिकटवायच्या माझ्या पट्ट्या कुठायत? मागं फिरायचं तर आधी चढ आहे.

कुबात : तुझ्याच कोटात. पुन्हा चढताना नीट चिकटाव्यात म्हणून उबेत ठेवल्यास ना.

मेदेर : ही स्की धर जरा. चिकटत नाहीये ही... आणि एक ऐकून ठेव. मी खूश नाहीये. उतरलो असतो मी. झकास उतरलो असतो.

कुबात : उतरला असतास कदाचित.

मेदेर : आणि आता कधीच कळणार नाही.

कुबात : नाही कळणार.

मेदेर : तिकडे त्या कोंदट खोलीत आठजणांच्या घोरण्यात पडलो की हेच येणार डोक्यात. आणि तुला शिव्या घालणार मी.

कुबात : घाल.

बुरुल : मी पुढे होते. आलो त्याच वाटेनं ना, झाडांमधून?

मेदेर : हो. सावकाश जा. अंतर ठेवून... कुबात, आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार आहे. कुबात घाबरला. नान कपाळाला लावून शपथा घेत बसला.

कुबात : सांग.

मेदेर : मॉस्कोतही सांगणार. विटा चढवताना सांगणार.

कुबात : सांग की.

मेदेर : परत आलो की तुझ्या पोरींना सांगणार. त्यांच्या नवऱ्यांना सांगणार.

कुबात : सांग रे. म्हातारा होईस्तोवर सांग.