बाबलकाकांचं गाऱ्हाणं आणि माझा सर्व्हर

हसू नका, पण मला देवाच्या साक्षीने कामाला जुंपलंय!

देवबागच्या होमस्टेवाल्यांचा ईमेल सर्व्हर मी सांभाळतो. सॉफ्टवेअर फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं. फक्त फोनवर मेल आणि बुकिंगचं कॅलेंडर पोचवायची त्यातली पद्धत एका बड्या कंपनीच्या मालकीची. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नव्या आवृत्तीत ती काढून टाकली. मी अपडेट केलं आणि सगळ्यांचे फोन गप्प!

होमस्टेवाल्यांतले सगळ्यांत वडीलधारे बाबलकाका, त्यांनी बोलावलं. अंगणात सगळे होमस्टेवाले जमलेले, मधोमध नारळ.

मी समजावलं, "काका, आता कोणाच्याच मालकीची नाय अशी पद्धत आसा. पण ती ज्येना त्येना आपापल्या फोनात घालूची."

"घालूया मरे. आदी देवाक गाऱ्हाणा होवंदे." काकांनी हात जोडले, आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला 'व्हय' म्हणायला आम्ही सगळ्यांनीही. "बा देवा म्हाराजा, आमचे फोन बंद पडले आसत, ते चालू कर!"

"व्हय म्हाराजा!"

"पावण्यांची बुकिंगा वेळार दिसांदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि घराघरात जावन एकेक फोन चालू करून दिल्याशिवाय हो झील देवबाग सोडूचो नाय!" काकांचं बोट माझ्याकडे.

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय हो. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.