थंडीतला कूलर

आता हसता, पण तवा मी रडकुंडीले आलो होतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी इंजेक्शन सुरू झालं अन् अंगातून वाफाच निघून राह्यल्या. थंडीत सारं घुग्घुस गाव शेकोटीपाशी, अन् मी घरात कूलर लावून! लाजेपायी कोणाले सांगितलं नाई.

एक दिवस रहीमभाई टेलर आले. त्यांनाही तेच इंजेक्शन चालू होतं. कूलर पाहून हसतील वाटलं, तर स्वेटर काढत म्हणाले, "सरका भाऊ. मले वाटे, मीच एकटा पागल झालो."

मंग दोघं कूलरपुढं बसून मनातलं सारं बोललो. डोळेही पुसले.

तेवढ्यात आमच्या मंधात खुर्ची टाकून बायको बसली. "पाळी गेल्यापासून मलेही असंच होऊन राह्यलं. माह्यासाठी काऊन नाई लावला कूलर?"