पिंपातला मोकळा स्फुरद

ऐका. आणि म्हाताऱ्यांनो, मधे हुंकार देऊ नका. ही गोष्ट तुमचीच आहे.

दिवेलागण झाली नि वच्छी निघाली. डोक्यावर रिकामी पाटी. कुठं? ओढ्यापलीकडच्या बंद कारखान्यात! कुणी धाडली? सासऱ्यानं, बाबूतात्यानं. तिथल्या पिंपावर त्यानं वाचलं होतं, 'पिवळा स्फुरद. पाण्यातच ठेवा.' झालं! जन्मभर खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश वाचलेला माणूस. म्हणाला, "फुकटचं खत गं! आण जा."

"तात्या, पण पाण्यात का ठेवलंय?"

"सातवी नापास तू, मला शेती शिकवतीस?"

अहो, खतातला स्फुरद दुसऱ्या द्रव्यांशी बांधलेला असतो. तोच आपल्या हाडात असतो. मुतातही असतो! हसू नका, एका जर्मन माणसाला तो पहिल्यांदा मूत उकळतानाच सापडला. पिंपातला मात्र मोकळा. मोकळं भूत! ह्यानंच एके काळी काडेपेटीच्या कारखान्यांत बायापोरांचे जबडे सडवले. मग मालकांना तांबडा, शांत स्फुरद सुचला. तो आता पेटीच्या कडेला बसतो.

तर, वच्छीनं मेणासारखी ढेपळं पाटीत भरली नि वाट धरली. पाणी निथळत गेलं. निम्म्या वाटेत लसणाचा वास! इथं लसूण कोण सोलतंय? मागं बघते, कुणी नाही. घाम पुसायला हात वर केला, तर बोटं चमकतायत! हिरवट! काजव्यासारखी! तिनं हात लुगड्याला पुसला, तर लुगडं चमकायला लागलं!

पाटीतून पांढरा धूर. आणि भक्क! काडी नाही, ठिणगी नाही, आपोआप पेटली! वच्छीनं पाटी भिरकावली. पदर पेटला. माती टाकली, विझला. माती झटकली, पुन्हा पेटला! पळाली, धापकन ओढ्यात पडली. विझला. हुश्श! काठावर चढली, वारा लागला, लुगडं पुन्हा धुमसायला लागलं! परत पाण्यात!

आरडाओरडा ऐकून गाव आलं. पुढं बाबूतात्या, हातात कंदील. "आग्यावेताळ लागलाय! पाण्यात त्याला जोर येतो. बाहेर ये पोरी, धुरी देतो!"

"ये गं, ये! मोठ्यांचं ऐक!" सगळे म्हातारे एका सुरात.

बघा, बाहेर आली असती तर उभी जळाली असती. वच्छी गळ्यापर्यंत पाण्यात बसली. डोकं मात्र लख्ख.

"येत नाही! पाण्यातच ठेवा लिहिलं होतं ना तात्या? पाण्यातच झोपतंय हे. कोरडं झालं की उठतंय."

"सासऱ्याला उलट बोलतीस?"

"बोलते! आता तोंडं फिरवा सगळ्यांनी. जाऊबाई, गोधडी भिजवून आणा. चिंब!"

कडू तोंडं करून म्हातारे वळले. वच्छीनं पाण्यातच लुगडं सोडलं, दगडाखाली दाबलं, वाळूनं हात घासले. ओल्या गोधडीत गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. वाटेत जाऊ तांब्यानं पाणी ओतत होती. जीव वाचला. दोन बोटं कायमची आखडली.

बाबूतात्या अजून वेताळच म्हणतो. म्हणू दे. तुम्ही मात्र त्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. पिंपं तिथंच आहेत. यंदाचं ऊन बघताय ना? आतलं पाणी आटत चाललंय.