पूज्य आणि ओ

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संगणक मित्र मंडळाचेही अध्यक्ष श्री. श्यामकांत परुळेकर, शाळेची खोली दर रविवारी आपल्याला देऊन किल्ली परत मागायला कधी शिपाई न पाठवणाऱ्या मुख्याध्यापिका कमलताई, मंडळाचे संस्थापक श्री. भीमराज साळवे, सत्कारमूर्ती श्री. मार्तंड धुरी, म्हणजे आपले काका. त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच व्यासपीठावर बसल्यामुळे पदराशी चाळा करणाऱ्या शेवंतीकाकू. आणि मे महिन्याच्या उकाड्यात तीनच पंखे चालू असताना जागा धरून बसलेले भांडुपकर बंधुभगिनींनो,

मी अनुपमा तावडे. मंडळाची पाच वर्षांची सभासद. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, आणि त्यांचं घड्याळ नेहमी पुढे असतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. काका परवा कायमचे गावी निघणार आहेत. त्यांच्या नावावर या मंडळाच्या दप्तरात एक चूक लिहिलेली आहे, ती तशीच ठेवून त्यांनी जाऊ नये, एवढ्यासाठी मी बोलायला उभी आहे. बाकीचं कौतुक ओघात येईलच.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली या मंडळाकडे काय होतं? भीमराजदादांच्या मेहुण्याने मस्कतहून आणलेला एक संगणक, वहीएवढा, रबरी बटणांचा. परुळेकरांच्या घरचा काळापांढरा टीव्ही. आणि एक टेपरेकॉर्डर, कारण आपला प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा असे. एकदा घाईत चुकीची कॅसेट लागली आणि परुळेकरवहिनींच्या मंगळागौरीच्या गाण्यांवर आमचा प्रोग्राम चढला. वहिनी आठवडाभर अध्यक्षांशी बोलल्या नाहीत. पुढे टीव्हीवर रविवारी सकाळी पौराणिक मालिका सुरू झाली, तेव्हा तर आमची वाटच लागली. आख्खी चाळ टीव्हीसमोर हात जोडून बसलेली असताना तो उचलून शाळेत कोण नेणार? भीमराजदादा म्हणाले, "देवांचं आटपू दे यार, मग आपण बसू." तेव्हापासून मंडळाची वेळ आठाची साडेदहा झाली.

प्रोग्राम कुठून मिळायचे? भीमराजदादा ट्रॉम्बेला नोकरीला. तिथले कुणी कुणी परदेशी मासिकं देत, त्यांत ते छापलेले असत. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. टाइप मी करायची, कारण माझ्याकडे टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट होतं. वाचायला मात्र कुणी टिकत नव्हतं. शिकलेली माणसं वाईट वाचतात, हे मला तिथे कळलं. त्यांना पुढे काय येणार ते माहीत असतं, म्हणून ती समोरचं न बघता मनातलंच वाचतात.

आणि मग एका रविवारी काका दारात येऊन उभे राहिले. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, तीस वर्षं काढलेली. संप झाला, गिरणी बंद पडली. संगणक नोकऱ्या खाणार म्हणून तेव्हा मोर्चे निघत होते. कुणीतरी त्यांना टोकलंच, "धुरी, तुमची गिरणी गेली, आणि तुम्ही या यंत्राकडे कशाला आलात?" काका म्हणाले, "जा आमका खाऊक येतला, तेचा तोंड तरी बघून ठेवतंय."

भीमराजदादांनी गंमत म्हणून मासिक त्यांच्या हातात दिलं. काकांचं इंग्रजी एबीसीडीपुरतं. पण कापडात तुटलेला एक धागा लांबून दिसणारी नजर ती. त्यांनी पेन्सिल ओळीखाली धरली आणि एकेक अक्षर वाचायला लागले. मध्येच म्हणाले, "पूज्य." भीमराजदादा म्हणाले, "कोण पूज्य?" आम्ही हसलो. काका न हसता म्हणाले, "एकावर पूज्य दहा. तुमी शाळेत गेलास काय नाय?" त्यांच्या लहानपणी शून्याला पूज्यच म्हणत. तीन पानं झाली आणि प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. मंडळाच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं.

माझी एक खोड सांगते. पुढे ती लागणार आहे. माझ्या कचेरीतल्या जुन्या टाइपरायटरला शून्याचं बटणच नव्हतं. शून्य हवं तिथे आम्ही इंग्रजी ओ मारायचो, कागदावर काय, दोन्ही गोलच. संगणकाला हे चालत नाही. त्याला ओ वेगळा आणि शून्य वेगळं. मी सवयीने ओ मारायची, यंत्र अडायचं आणि काका ओरडायचे, "पूज्य गो, पूज्य!" सहा महिने ओरडा खाल्ल्यावर बोट वळलं. इतकं वळलं की गोल काही दिसलं वा ऐकू आलं की ते कधीकधी आपसूक शून्यावर जायचं.

शहाऐंशी साली आपण रक्तदात्यांची यादी केली. घरोघर फिरून कार्डं भरून घेतली, तीनशे बारा. नाव, पत्ता, रक्तगट. काका वाचणार, मी टाइप करणार. दोन रविवार लागले. त्याच सुमारास अंधेरीच्या एका कंपनीने भीमराजदादांकडे दोन माणसं मागितली होती. एक टाइप करणारा, आणि टाइप केलेलं मूळ कागदाशी ताडून पाहणारा दुसरा. मंडळाच्या शिफारशीवर नेमणूक होणार होती. दोन नावं ठरलेली होती, माझं आणि काकांचं. चार वर्षं घरी बसलेल्या माणसाला खुर्चीतली नोकरी मिळणार, म्हणून शेवंतीकाकूंनी त्यांच्यासाठी नवीन शर्ट शिवून घेतला होता.

तीन आठवड्यांनी, रविवारीच, मुलुंडच्या एका प्रसूतिगृहातून एक गृहस्थ धावत आले. पत्नीला रक्त हवं होतं, ओ निगेटिव्ह. आम्ही मोठ्या रुबाबात यादी चढवली, बटण दाबलं. संगणक म्हणाला, एकही नाही. ते गृहस्थ रक्त शोधायला सायनच्या दिशेने निघून गेले. आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही की यंत्र चुकेल. काकांच्या आलं. "एक होतो," ते म्हणाले. "मिया वाचलेलो." बिस्किटांच्या डब्यांतून त्यांनी कार्डं काढली आणि एकेक बघत बसले. पाऊण तासाने सहदेव घाडींचं कार्ड सापडलं. सहदेवभाऊ मागच्या रांगेत बसलेत, त्यांना आठवत असेल. काका त्यांच्या घरी गेले, त्यांना जेवणावरून उठवलं, रिक्षात घातलं आणि मुलुंडला पोचवलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण त्या घराचे दोन तास आपण फुकट घालवले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर मी सांगू शकलो नसतो.

संध्याकाळी सभा झाली. सहदेवभाऊंच्या नावापुढे यादीत ओ नव्हता, शून्य होतं. त्या टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसत. यंत्र ओ शोधत होतं, त्याला तो सापडला नाही. चूक कुणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्याआधी काका उभे राहिले. "मियाच पूज्य म्हटलंय. गोल दिसला, म्हटलंय पूज्य." सगळ्यांना ते पटलं. का पटणार नाही? इंग्रजी न येणारा माणूस, त्याला ओ काय आणि शून्य काय! इतक्या रविवारांत त्यांनी एकदाही चूक केली नव्हती, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "गप ऱ्हव गो बाय. तुझो कागद जातलो अंधेरीक. तुझा सगळा पुढे आसा." आणि मी गप्प राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून राहिले, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती.

कागद गेला, पण एकाच नावाचा. मी आज अंधेरीला त्या कंपनीत आहे. काकांनी तीन वर्षं कांजूरला एका कारखान्याच्या फाटकावर पहारा केला, तो नवा शर्ट घालून. मंडळात त्यांच्याकडून वाचन काढून घेतलं आणि कॅसेटी लावायचं काम दिलं. तेही त्यांनी मन लावून केलं. एकही रविवार चुकवला नाही. मी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाशेजारी बसून टाइप करत असे, आणि काका मागे बसून ऐकत असत.

इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे, मी काल पुन्हा वाचून आले. "सदर चूक श्री. धुरी यांच्या वाचनातील असल्याचे त्यांनी मान्य केले." अध्यक्षमहाराज, माझी विनंती आहे की त्याखाली आजच्या तारखेने दुरुस्ती व्हावी. काकांनी त्या दिवशी स्पष्ट "ओ" म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं. शून्य माझ्या बोटाने पडलं. खाली माझी सही घ्यावी. भीमराजदादा, दुसरं नाव तुम्ही का खोडलंत असं मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायचा मला अधिकारही नाही. ते तुमच्या हाताने खोडलं गेलं, पण माझ्यामुळे.

काका, तुम्ही हाताने मला खाली बसायची खूण करताय, ते दिसतंय. शेवंतीकाकू, तुम्हाला हे आज इथे कळतंय, त्याची मला लाज वाटते.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण मोठ्या मनाने ते पोटात घाला. तेवढी एक चूक मात्र काकांनी तीन वर्षं पोटात घातली आहे. काका, गावी जाण्याआधी ती मला परत द्या. ती माझी आहे.