सनाचा सर्व्हर आणि पाळीची वही

आता शेजारी म्हटल्यावर डोकवावं लागतंच! परवा शेजारची सना कॉम्प्युटरपुढं रडकुंडीला आल्ती. साहेबाला काम पसंत पडलं, तरच नोकरी पक्की होणार होती.

"काकू, सर्व्हर बंद पडला की त्याच्या जागी नवा आपोआप उभा राहतो. पण नव्याला मागचं काहीच ठाऊक न्हाई!"

म्हटलं, "आमचे हे साखर कारखान्यात पाळी सुटली की झाल्या कामाची वही तिथंच ठेवून येतात. घरी आणली तर पुढच्यानं काय वाचायचं?"

"या अल्ला! माझी वही जुन्यासंगंच जाऊन राह्यली!"

तिनं जल्दी माहिती साठवायची जागा सर्व्हरच्या बाहेर वेगळी केली. व्हिडिओ कॉलवर साहेबानं मुद्दाम सर्व्हर बंद पाडून बघितला. नव्यानं सगळं काम बराबर पुढं चालवलं.

मी स्क्रीनपुढं वाकून विचारलं, "साहेब, पोरगी पक्की ना?"

"पक्की. पण आपण कोण?"

"शेजारीण. तुमचंबी काही अडलं तर विचारत जा."