आपलं जहाज रिकामं गेलं

माहं नाव बशीर. आजा पिंजारी, बाप पिंजारी, अन् मीबी तेच, कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून वडनेर भोलजीपासून पिंपळगाव राजापर्यंत फिरनारा, लोकाईच्या गाद्या भरून देनारा. समिंदराशी आमचं काय नातं सांगा गुरुजी, आमच्या नाकात कापूस अन् पायाले काळी माती, नदीले पूर आला तं कडंनं उभं राहून पाहनारे लोक आम्ही. पन माही जी काई अब्रू गेली ते समिंदराच्या काठावर गेली. गावात कोनी म्हनत नाई, गाव तं मले हाजीसाहेब म्हनते. मीच म्हनतो.

माय लहानपनीच गेली. मले वाढवलं फुफीनं, बापाच्या बहिनीनं. लगन झालं अन् वर्षात विधवा होऊन परत आली, मंग मलेच पोटाशी धरलं. गोधड्या शिवून, गाद्याईले टाके घालून तिनं येकच गोष्ट जमवली, हजचे पैसे. खान्यात कमी, कपड्यात कमी, तोंडात मात्र हज. आता आमच्यात बाईमानसाले येकटीनं हजले जाता येत नाई, नवरा, भाऊ, नाईतं सख्खा भतीजा, असं कोनी संगं पाह्यजे. तिले मीच होतो. माह्याशिवाय कोनी नाई, हे ध्यानात ठेवा.

तवा वऱ्हाड नागपूरवाल्यांच्या कारभाराले जोडेल होतं, इंग्रजाचं राज. मलकापूरच्या बाजारात येक वकीलसाहेब यायचे, खादीवाले. म्हनायचे का बावा हो, कापूस तुमचा, घाम तुमचा, पन मुंबईच्या पुढं ज्या जहाजात तो जाते ते जहाज गोऱ्याचं, म्हून तो सांगन ते भाडं, अन् ते भाडं शेवटी तुमच्याच भावातून कापलं जाते. हजवाल्याईचंबी तेच, येकच कंपनी, मागन ते द्या. आता आपल्या देशाच्या लोकाईनं जहाजं घेतली, तुम्ही हिस्सा घ्या. लोक हासले. कापसाच्या जिनातला येक दलाल म्हने, वकीलसाहेब, वऱ्हाडात जहाज बांधता कुठी, विहिरीत का?

पन फुफीनं घेतला हिस्सा, हजच्या पैशातून. मी लय भडकलो, म्हनलं येडी झाली काय, पोटाले चिमटा घेऊन जमवलं अन् पान्यात टाकलं. फुफी म्हने, बेटा, अल्लाच्या घरी जायाचं तं दुसऱ्याच्या मेहरबानीनं काऊन जाऊ, आपल्या नावेत बसून जाईन. मंग तिनं वकीलाले इचारलं, जहाजात माहं काय काय हाय? ते हासून म्हनले, फुफी, येखादा खिळा समजा. झालं. सगळ्या वडनेरात सांगत फिरली का जहाजात माहा खिळा हाय. पोट्टे तिले खिळेवाली फुफी म्हनत, अन् ते खुश व्हायची.

चारपाच सालानं पैसे पुरे झाले. गावचे काई जन अन् आम्ही दोघं, मलकापुरून गाडीत बसलो. गावचंच येक म्हातारं जोडपं मुंबईपर्यंत पोचवाले आलतं. मुंबईले मुसाफिरखान्यात उतरलो. फुफीनं पयले काय केलं असंन? जहाज पाहाले गेली. बंदरावर उभी राहून वर पाहत राह्यली, पदरानं डोळे पुसले, म्हने, बशीर, येवढ्या मोठ्या जहाजात माहा खिळा कोनता असंन रे?

अन् त्याच सांजेले मुसाफिरखान्यात गोऱ्याच्या कंपनीचे दलाल आले. भाडं पाडलं त्याईनं, अर्ध्याहूनबी खाली. जहाज उद्याच सुटते म्हने, अन् वरून हरेक हाजीले वजू कराले, नमाजाआधी हातपाय धुवाले, येक बदना, तोटीचा लोटा, फुकट, पांढरा, चिनीमातीसारखा चकचकीत, त्याच्यावर कंपनीचा झेंडा काढेल. काय गर्दी झाली सांगू तुम्हाले. आपल्या जहाजाचा मुन्शी येऊन हात जोडून राह्यला, भाई हो, दोनचार रोज थांबा, मानसं भरली का सोडतो. जहाज म्हंजे बैल हाय, उभं राह्यलं तरी खाते, बंदराचं भाडं, खलाशाईचा पगार, कोळसा. हे लोक तोटा खाऊन भाडं पाडून राह्यले, त्याईच्याजवळ शंभर जहाजं, आपल्याजवळ मोजकी. आपून बुडालो का मंग पाहा कसे चढवतात. मी आयकलं गुरुजी. समजलं नाई असं नाई. समदं समजलं.

पन गावचे समदे तिकडं निघाले. मीबी हिशेब केला का आज सस्त्यात जातो, उरलं ते बाजूले ठेवतो, अन् पुढच्या साली फुफीले आपल्याच जहाजातून नेतो, तिची जिद बी राहीन अन् माही हजबी होईन. तरी फुफीले म्हनलं, चाल ना, जहाज ते जहाज, काबा तं तोच हाय. ते म्हने, आपल्यानंच त्याच्यात बसलं तं आपल्यात कोन बसंन बेटा? मी म्हनलं, मंग मी तं चाललो. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. जाऊ नको म्हनली असती तं भांडलो असतो, मोकळा झालो असतो. म्हनली नाई. वाटेसाठी केलेले गुळाचे रोट समदे माह्या गाठोड्यात बांधले, येक सुद्धा ठेवला नाई, अन् त्या म्हाताऱ्या जोडप्यासंगं वापस गेली. माह्या हातात बदना होता.

आमचं जहाज सुटलं तवा आपलं बाजूलेच उभं होतं, वरचा फाळका, मानसं उभी राहतात तो, रिकामा, इकडं येक मानूस, तिकडं येक. मी तोंड फिरवून घेतलं. तठी काब्यासमोर उभा राह्यलो, लोक रडत होते, मीबी रडलो, पन कशासाठी ते मलेच ठाऊक.

वापस आलो तं मलकापूर टेसनावर हार घेऊन गाव उभं. समद्यात पुढं फुफी. माहा हात चुमला, डोळ्याले लावला, म्हने, हाजीसाहेब. टोमना नव्हता हो त्याच्यात, टोमना असता तं बरं झालं असतं. त्या दिवसापासून बशीर म्हनून तिनं कधी हाक मारली नाई.

दुसऱ्या साली पैसे घेऊन मलकापूरले गेलो. वकीलसाहेब म्हनले, आपली कंपनी हजच्या कामातून उठली, तोटा झेपला नाई. अन् गोऱ्याचं भाडं? पयल्यापेक्षाबी चढलं होतं. तिचे पैसे अन् माहे उरलेले मिळून दोघाईचं भाडं कुठीच निघत नव्हतं. घरी येऊन सांगितलं. फुफी टाका घालत होती. म्हने, माहा खिळा? तिनं दोरा तोडला अन् दुसरी गादी घेतली.

दोन हिवाळे निघाले, छातीत कापूस बसला, गेली. आंगनात पडदा लावून बायाईनं तिले आंघोळ घातली. मी बाहेर बसेल होतो. मय्यतले माती देऊन आलो तं वट्ट्यावर बदना पालथा घालून वाळत ठेवेल होता, झेंडावाला. घरात चांगला तोच होता म्हून बायाईनं तोच घेतला. त्याईले काय मालूम.

लोक म्हनतात, हाजीसाहेब, आमच्यात मेलेल्याच्या नावानं हज करता येते, फुफीच्या नावानं करून या, दिल हलका होईन. जमवून राह्यलो पैसे, दिवसभर धनुकली मारतो. पन गुरुजी, बसायचं कोनाच्या जहाजात? जाते ते त्याईचंच येक. तिच्या नावानं मी पुन्हा त्याच्यातच बसू का? तुम्ही शिकलेले हा, लेकराईले शिकवता, अल्ला तुम्हाले बरकत देवो. पन जाताना मले हाजी म्हनू नका, बशीर म्हना. तशी हाक मारनारं आता कोनी राह्यलं नाई.