मळीखताच्या बारा पिशव्या

मग लिडिया मॅडम, खताला नावं ठेवायच्या आधी कुंडीत बोट घालून बघितलं का? न्हाई ना. निम्म्या भिंगारच्या गच्च्यांवर आमचंच मळीखत हाय, तिथली टोमॅटो बरी जळली न्हाईत — तुमच्याच शाळेतल्या पोरींची जळली? बारा पिशव्या, चाळीस रोपं, अन् एकबी वाचलं न्हाई म्हणता. पाणी बदाबदा ओतलं असंल. मी सांगितलं हुतं का न्हाई — दोन भाग माती, एक भाग खत? मापानंच केलं? पोरींनी वहीत लिहून ठेवलंय? वह्या नका दाखवू मला, मी सातवी नापास बाई हाय.

अन् बसताय कशाला? मालक घोडेगावला गेलेत, बाजारात गाय बघायला, त्यांचा काय नेम. त्यांना तर इचारूच नका. ह्या खतावरून त्यांचं डोकं लई फिरतं — साखर कारखान्याची मळी आणायची, शेण कालवायचं, चार महिने ढीग खालीवर करायचा, आत कोपरापर्यंत हात घालून गार लागलं तरच पिशवी शिवायची, गरम खत मुळं जाळतं म्हणे. पिशवीवर नाव त्यांचं छापलंय ना. मागं एकदा म्हणाले, कच्चा माल गेला तर दुकानाला कुलूप लावीन — आता माणूस रागात बोलतो काहीबाही, पण हे लावतील. अन् गिऱ्हाईक थांबतं का चार महिने? तुमीच म्हणला हुतात, सोमवारी पाहिजे म्हंजे पाहिजे. तवा मालक लग्नाला नेवाशाला, मी एकटी, ढीग दीड महिन्याचा — दीड महिना म्हंजे अगदीच कच्चं न्हवं. जरा कोमट हुतं. उन्हानं. छपराखाली बी झळ लागतीच की.

असं बघू नका माझ्याकडं. पोरी रडल्या, त्याला मी काय करू? रोपंच हुती. पुन्हा लावा. अन् तुमी कुंड्यांवर ऊन किती येतं बघितलं न्हाई, बुडाला भोकं पाडली का न्हाई देव जाणे, अन् दोष खताला.

बरं, न्या दोन पिशव्या, पैसे नको, पण मालकांपर्यंत बोभाटा नको. ह्या थप्पीतल्या घ्या, दारापाशीच्या. — ती न्हाई. मॅडम, ती कोपऱ्यातली न्हाई, ती विकायची न्हाई. ती मालकांनी सोता भरलेली, आमच्या घरच्या वांग्यांना —

ठेवा खाली.

शटर ओढतीय मी. सरका.